रविवारची होडी : वेंगुर्ला रॉक्स

सभासदांनो, रविवारी पहाटे ४ वाजता बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकातून गाडी सुटेल. आंबोलीमार्गे निवती. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

तिथून समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांकडे जायला खासगी होडी ठरवली आहे. गुहा होडीतूनच पाहायच्या, बेटावर उतरायचं नाही. तिथल्या कपारींत पाकोळी पक्षी आपल्या लाळेने घरटी बांधतात. सूपसाठी या घरट्यांची तस्करी होत आली आहे, म्हणून घरट्यांचे फोटो स्टेटसला टाकू नका. पक्ष्यांवर टॉर्चही नको.

लाटा मोठ्या असतील तर तांडेल (होडीचा प्रमुख) गुहेच्या तोंडाशी नेणार नाही. पैसे भरलेत म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नये. लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर हवं. होडी लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी. आपला कुंदा (खव्याची मिठाई) परतताना खा!