सॉफ्टवेअरचं बारसं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चौकांच्या, पुलांच्या नामकरणावर तुमच्याकडे पत्रं येतच असतात, हे पण नामकरणाचंच आहे, फक्त सॉफ्टवेअरच्या, त्यामुळे मोर्चा निघायची शक्यता कमी.

आम्ही सात-आठ जण मिळून एक छोटा प्रोग्रॅम चालवतो. ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणीही घ्या, बघा, बदला. काम एकच, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा पद्धतीत, आणायचा. ज्यांनी प्रेसमधून जुनी फाईल मागवलीय त्यांना माहितीये, आपल्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची खिचडी दिसते, कारण जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असायचं. त्यात ‘कि’ लिहायचा तर तिथे वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. ‘सूर्य’मधला रफार तिकडे य नंतर येतो, इकडे य च्या आधी. ही अदलाबदल जमवण्यातच पहिले सहा महिने गेले, रफाराने तर अक्षरशः रडवलं.

नावाचा विचार करायला वेळ होता कुणाला. पहिला कन्व्हर्टर फसला, दुसरा लिहिला, फोल्डरला ‘नवा कन्व्हर्टर’ नाव दिलं आणि तेच चिकटलं. आता चार वर्षं झाली. आपला पुण्यातला नवा पूल १९२३ चा, शंभरी उलटली, कागदोपत्री छत्रपती शिवाजी पूल आहे, तरी रिक्षावाल्याला नवा पूलच कळतो. पुलाला ते चालून जातं. आमचं तसं नाही, ‘नवा कन्व्हर्टर’ गुगलवर टाकलं तर पीडीएफचे, व्हिडिओचे, किलो-पौंडाचे सगळे कन्व्हर्टर येतात, आमचा सोडून.

आता वापरणारे वाढलेत, दोन लायब्ररीवाले रोज वापरतात, ओळखपाळख नसलेली पोरं कोड पाठवायला लागलीत, म्हणून म्हटलं आत्ताच बदलू. उशीर झाला की काय होतं ते फायरफॉक्स ब्राउझरचं बघा. २००२ मध्ये त्याचं नाव होतं फिनिक्स, ट्रेडमार्कवरून हरकत आली, २००३ मध्ये फायरबर्ड केलं तर त्या नावाचा डेटाबेस आधीपासून होता, तो पण ओपन सोर्सच, ती मंडळी चिडली, शेवटी २००४ मध्ये फायरफॉक्स. दोन वर्षांत तीन बारशी.

पण मला जास्त भीती वाटते ती वायरशार्कच्या गोष्टीची. नेटवर्कवरची ये-जा तपासायचं हे सॉफ्टवेअर, नेटवर्कवाले रोज वापरतात, आधी त्याचं नाव इथिरियल होतं. ते लिहिणारे जेराल्ड कोम्ब्ज यांनी २००६ मध्ये नोकरी बदलली, कोड खुला होता म्हणून सोबत नेता आला, पण नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, झालं, नवीन नाव शोधा. २०१० मध्ये ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेल्या लोकांना लिब्रेऑफिस नाव घ्यावं लागलं ते पण यामुळेच, जुनं नाव ओरॅकल कंपनीकडे होतं. ओपन सोर्स लायसन्स कोड वाटून देतं, नाव देत नाही, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. आमच्यातला एक जण चांगल्या मनानेच म्हणाला की माझ्या फर्मच्या नावावर करू रजिस्टर, खर्च मी देतो. मी सरळ नाही म्हटलं, वाईटपणा आला, येऊदे. खर्चाला वर्गणी काढू, पण नाव सगळ्यांच्या सामाईक ट्रस्टकडेच पाहिजे. (ट्रस्ट कोण काढणार यावर वेगळं भांडण चालू आहे.)

ग्रुपवर नावं मागवली तर महाकन्व्हर्टर, ई-अक्षर आणि अक्षर ने सुरू होणारी अजून अकरा. मराठी नावाची खरी गोची वेगळीच आहे, प्रोग्रॅम चालवायची कमांड टाईप करायची इंग्रजी अक्षरांत आणि तिथे आपले ट, त, ण, ळ सगळे एकाच भावात. मला ‘पाटी’ फार आवडलं होतं, पी-ए-टी-आय टाईप केलं आणि बायको म्हणाली, पती? कुणाचा? ‘मोडी’ सुचवलं एकाने, ते इंग्रजीत लिहिलं की लोक पंतप्रधानांचं ॲप समजणार. जुमला नावाचं वेबसाईटचं सॉफ्टवेअर २००५ पासून आहे, स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘सगळे मिळून’, किती सुंदर, पण आपल्याकडे कुणाला सांगून बघा.

मग परवा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्या ताईंकडे गेलो होतो. त्या मान वर न करता मागच्या पोराला म्हणाल्या, “अरे, ती दिवाळी अंकाची फाईल चाळणीतून काढलीस का?” मी विचारलं, चाळणी म्हणजे? तर म्हणाल्या, “तुमचंच ते हो दादा, त्याचं नाव कोण लक्षात ठेवणार.” वर्षभर त्या तेच म्हणतायत! म्हटलं, हेच नाव घेऊ. पुण्यातल्या जिलब्या मारुतीचं नाव तरी कुठल्या कमिटीने बसून ठरवलं असेल असं वाटत नाही. इंग्रजीत ळ चा ल होईल, होऊदे, भलता अर्थ तरी निघत नाही. ग्रुपवर लगेच एक शहाणा बोलला, सॉफ्टवेअरला भोकं आहेत हे आपणच सांगायचं का. माझं मत, सांगू, आहेतच.

तर विनंती एवढीच, ‘चाळणी’ नावाचं सॉफ्टवेअर कुणाचं आधीपासून असेल तर या महिन्याअखेर तुमच्या पेपरमधूनच कळवावं, नंतर भांडण नको. पिठाच्या गिरणीवाल्यांनी काळजी करू नये, सॉफ्टवेअर ट्रेडमार्कच्या ९ व्या वर्गात येतं, त्यांचा वर्ग वेगळा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे