परदेशात पडतं घेण्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "परक्या देशात आहेस, कुणाच्या तोंडी लागू नकोस, पडतं घेत जा." त्यामागची काळजी मला कळते. पण इथे राहून माझं मत नेमकं उलट झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांबद्दलच्या 1961 च्या व्हिएन्ना करारात राजदूतावासाची कामं दिली आहेत. आपल्या देशाचं आणि नागरिकांचं हित जपणं आणि दोन देशांत मैत्री वाढवणं, ही दोन्ही कामं तिथे एकाच यादीत आहेत. स्वतःची बाजू मांडली की संबंध बिघडतात, असं काही ती यादी करणाऱ्यांनी धरलेलं दिसत नाही. ज्या राजनैतिक अधिकाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण आहे त्यांनीही यजमान देशाचे कायदे पाळावेत, त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, हेही त्याच करारात आहे. मला तर तसलं कुठलंच संरक्षण नाही. म्हणून भाडेकरार, इमारतीचे नियम, कचऱ्याचे दिवस, सगळं मी आधीच वाचून ठेवते. नियम माहीत असला की तक्रार करतानाही आवाज कापत नाही.

वरच्या मजल्यावरून रात्री उशिरा सामान सरकवल्याचा आवाज यायचा. असं काही झालं की लोक लिफ्टजवळ चिठ्ठी चिकटवतात. मला ते मुळीच पटत नाही. चिठ्ठी सगळी इमारत वाचते आणि ज्याच्यासाठी लिहिलेली असते तो चारचौघांत खजील होतो. मी एका संध्याकाळी वर जाऊन दार वाजवलं, नाव सांगितलं, खालीच राहते म्हटलं आणि मग म्हणाले, "खाली किती आवाज येतो याची तुम्हाला कल्पना नसेल, म्हणून सांगायला आले." त्या बाईंना खरंच कल्पना नव्हती. त्या दुपारपाळी करून उशिरा येतात आणि आल्यावर घर आवरतात. आम्ही दारातच उभ्या उभ्या वेळ ठरवून टाकली. आता जिन्यात भेटल्या की थांबून बोलतात.

खरा कस लागतो तो कुणी बातमी वाचून विचारतं तेव्हा, "तुमच्या देशात असंच असतं ना?" आई, डोकं तापतं गं. पण मी सगळ्या देशाची वकिली करत नाही आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपल्या माणसांना नावंही ठेवत नाही. हा दुसरा मोह जास्त वाईट, कारण टेबलावरचे सगळे माना डोलावतात आणि पुढच्या वेळी तेच ऐकायची अपेक्षा ठेवतात. "मला माझ्या अनुभवापुरतं सांगता येईल," असं म्हणून मी तेवढंच सांगते. मग विचारते, "तुम्ही हे कुठे वाचलंत?" बहुतेक वेळा खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात.

नाव चुकीचं घेतलं तर पहिल्याच भेटीत हसून दुरुस्त करते. उशिरा सांगितलं तर त्या माणसालाच ओशाळल्यासारखं होतं.

आणि मराठी न कळणारं कुणी शेजारी बसलं असेल, तर आपण काय बोललो ते त्यांना लगेच सांगते. हसणं सगळ्यांना ऐकू येतं. त्याचं कारण कळलं नाही की माणसाला ते आपल्यालाच हसताहेत असं वाटतं.

तुम्ही आलात की वरच्या बाईंकडे आपण जाऊ. त्यांच्याशी तुम्हीच बोला, अगदी मराठीत. त्यांना मी सगळं नीट सांगेन. बाबा, तुम्ही एखादी तक्रार केलीत तर तीही गाळणार नाही, आणि त्या जे म्हणतील ते तुम्हाला जसंच्या तसं सांगेन.

गुडघ्याच्या तपासणीचं काय झालं ते कळवा.

तुमची लेक