माळावर नवी चाकोरी पाडू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की सोलापूरच्या आसपासच्या माळांवर आणि वनहद्दीतील कच्च्या रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या दिसू लागतात. मी स्वतः अशी गाडी चालवतो, म्हणून ही विनंती आधी माझ्यासारख्या चालकांनाच आहे.

चारही चाकांना जोर मिळाला की गाडी कुठूनही निघते, हा समज आपल्या काळ्या मातीत टिकत नाही. भिजलेली ही माती फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि मग चाके जागच्या जागी फिरत खोल चर पाडतात. त्याहून मोठे नुकसान होते ते चिखल चुकवण्यासाठी गवतावरून वळसा घेतल्याने. दोन वर्षांपूर्वी मीही एका डबक्याला असाच वळसा घातला होता. पुढच्या पावसाळ्यात तिथे शेजारी शेजारी तीन चाकोऱ्या पडलेल्या दिसल्या. उताराचे पाणी त्यांतून वाहिल्याने माती धुपून खालचा मुरूम उघडा पडला होता. ते मला आजही डाचते.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही मुख्यतः पावसाळ्यात, म्हणजे आपल्याला गाडी बाहेर काढण्याचा मोह होतो त्याच दिवसांत. धाविक, टिटवी, चंडोल हे पक्षीही जमिनीवरच घरटी करतात. धाविकाची अंडी तर खड्यांत इतकी मिसळून जातात की पायी चालणाऱ्यालाही ती चटकन दिसत नाहीत, मग गाडीत बसलेल्याला ती कुठून दिसणार? अभयारण्यात विनापरवाना प्रवेशास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बंदी आहे. परंतु हे लहान पक्षी अभयारण्याबाहेरच्या गायरानांवर आणि पडीक माळांवरही वाढतात, आणि तिथे त्यांची राखण आपल्या संयमावरच अवलंबून आहे.

वनविभागाने परवानगी असलेल्या रस्त्यांच्या कडेने दगड रोवून हद्द स्पष्ट करावी आणि जोराच्या पावसानंतर काळ्या मातीचे टप्पे वाळेपर्यंत वाहनांसाठी बंद ठेवावेत, अशी विनंती आहे. चालकांनी पुढे चिखल दिसल्यास खाली उतरून तो पायी पाहावा. आहे त्याच चाकोरीतून लो गिअरमध्ये सावकाश जाता येत असेल तरच जावे, अन्यथा आल्या वाटेने परत फिरावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर