माऊथ ऑर्गनचा माईक

संपादक महोदय,

माऊथ ऑर्गनला शिकागो ब्लूज या संगीतशैलीचा जाड आवाज हवा म्हणून जुना ॲस्टॅटिक जेटी-३० माईक मागवणाऱ्यांनी आत कोणती कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) आहे, हे आधी विचारावे. मूळ कॅप्सूलमधला क्रिस्टल (स्फटिक) रोशेल क्षाराचा असतो. दमट हवेत आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत तो कायमचा निकामी होतो. मुंबई-कोकणात त्याच्या नादी लागू नये, डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारी) कॅप्सूल घ्यावी. तरीही क्रिस्टलच हवा असेल, तर व्हॉल्यूमसाठी ५ मेगाओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोधक) लावा. गिटारचा ५०० किलोओहमचा लावला की खर्ज गळतो. कॅप्सूलभोवतीचे रबर फटीविना बसले पाहिजे, नाहीतर मुठीत धरूनही आवाज पातळच राहतो. शुअर एसएम५८ हा गायनाचा माईक (तोही वाईट नाही!) गिटार ॲम्पला जोडताना मध्ये इम्पिडन्स (विद्युत अवरोध) जुळवणारा ट्रान्सफॉर्मर घालावा.

– एक वाचक, ठाणे