डुकरांची मरतूक अंदाजावर सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूर-महू भागात डुकरं मेल्याची बातमी आली की मथळ्यात एकच आजार असतो, आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य ताप. 2020 साली तो आसाम-अरुणाचलातून देशात पसरू लागला, आपल्याकडे लस नाही, तेव्हा धसका समजू शकतो. पण प्रत्येक डुक्कर त्यानंच गेलं असं धरलं की बाकीच्या मरतुकीची चौकशीच होत नाही. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, नोकरी माळव्यातच झाली, म्हणून लिहितो. (आमच्या राजेंद्रनगरात हा विषय काढला की लोक चहाचा कप खाली ठेवतात, ते असो.)

रात्री धडधाकट असलेलं वाढतं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं आणि नाकाशी रक्ताळ फेस असला, तर ॲक्टिनोबॅसिलस या जिवाणूच्या प्लुरोन्यूमोनियाचा, म्हणजे फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या दाहाचा, संशय घ्यावा. फुप्फुसाच्या मागच्या, पाठीकडच्या भागात काळपट लाल, घट्ट चट्टे दिसतात, वर फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) पापुद्रा, आणि फुप्फुस कधीकधी बरगड्यांना चिकटलेलं. मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूच्या न्यूमोनियाचं चित्र निराळं. मरतूक थोडी, कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे, वजन भरत नाही. इथे घट्टपणा पुढच्या-खालच्या खंडांत असतो. तिथला तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो.

हा फरक पालकाच्या खिशाला कळतो. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं. मायकोप्लाझ्माला ती पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन कितीही टोचा, काडीचा उपयोग नाही.

एका पालकानं मला प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला होता, 'जिवाणूंची वाढ नाही'. जनावराला आधीच इंजेक्शनं झालेली, शिवाय नमुना साध्या ब्लड अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित माध्यमावर, लावलेला. ॲक्टिनोबॅसिलसला वाढायला बहुधा एनएडी हा पोषक घटक लागतो. त्यासाठी चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताचं माध्यम) हवा, नाहीतर ब्लड अगारवर स्टॅफिलोकॉकस या एनएडी पुरवणाऱ्या जिवाणूची रेघ ओढावी. मग त्या रेघेच्या आसपासच बारीक ठिपके उगवतात. हे केलं नसेल तर त्या अहवालाला अर्थ नाही. उलट टॉन्सिलमध्ये जिवाणू सापडला म्हणून त्यानंच मारलं असंही नाही, ठणठणीत डुकरंही तो बाळगून असतात. म्हणून नमुना रोगट फुप्फुसाचाच हवा, औषध न दिलेल्या, नुकत्याच मेलेल्या जनावराचा. एक तुकडा बर्फात, कल्चर (जिवाणू वाढवून पाहणं) आणि पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) यांसाठी, दुसरा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी.

मात्र कडक ताप, अंगावर जांभळे चट्टे, लहानमोठी सगळीच मरू लागलेली, असं असेल तर पालकानं सुरी घेऊन मेलेलं डुक्कर फाडू नये. कान प्लुरोन्यूमोनियातही निळे पडतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नये. आधी सरकारी डॉक्टरांना कळवावं. आफ्रिकन फीवरची खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

पशुसंवर्धन खात्याकडे मागणं मोठं नाही. प्रत्येक दवाखान्यात थर्माकोलचा डबा, बर्फाची पाकिटं, फॉर्मॅलिनची बाटली आणि नमुना महूला पोचवणारा एक माणूस. इंदूरहून महू तासाभराच्या वाटेवर आहे. आणि आपल्या बातमीदारांना विनंती, पुढच्या वेळी किती मेली हे विचारताना नमुना कुठे पाठवला हेही विचारावं.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य
राजेंद्रनगर, इंदूर