ते दोन ठिपके तुम्ही लपवले नाहीत

प्रिय सिस्टर,

लेकीला घरी आणून आज अकरावा दिवस. अजून रात्री तीनदा उठून तिचा श्वास बघते. पण हे पत्र आणखी लांबवायचं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका रुग्णालयात मी विचारलं होतं, हृदयाच्या या ऑपरेशनमधून किती मुलं वाचतात? डॉक्टर मान वर न करताच म्हणाले, "आकडे पालकांना कळत नाहीत, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका." लेकीला फॅलोट्स टेट्रालॉजी हा जन्मजात हृदयविकार, रडली की ओठ निळे पडायचे, आणि मला हे उत्तर. तो अपमान अजून गेलेला नाही.

तुम्ही खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसलात. कागद पालथा घातलात, त्यावर दहा ओळींत शंभर ठिपके काढलेत. इथे ब्रिटनमध्ये मुलांच्या हृदय शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांनी शंभरातली सुमारे 98 हयात असतात, म्हणालात. मग शेवटचे दोन ठिपके गडद केलेत आणि पेन खाली ठेवलंत. "सगळं छान होईल" म्हणाला नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून, मी रडून मोकळी होईपर्यंत बसून राहिलात. बाहेर तुम्हाला कुणीतरी दोनदा हाक मारली. तुम्ही उठला नाहीत.

नंतर समजावलंत की नुसती टक्केवारी बघून रुग्णालय जोखू नका. जिथे जास्त गुंतागुंतीची, कमी वजनाची बाळं येतात, तिथला आकडा खाली दिसू शकतो. म्हणून आलेल्या मुलांची अवस्था बघून किती वाचतील याचा आधी अंदाज बांधतात आणि प्रत्यक्षात वाचलेल्यांशी तो ताडतात. कळलं मला. कुणालाही कळेल, सांगणाऱ्याला सांगायचं असलं तर.

इथल्याच ब्रिस्टल शहरात हृदय शस्त्रक्रियेत मुलं गमावलेल्या आईवडिलांबद्दल मी घरी येऊन वाचलं. 1984 ते 1995 मधल्या तिथल्या बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी त्यांनी लावून धरली, 2001 मध्ये चौकशीचे प्रमुख इयन केनेडी यांचा अहवाल आला. पोटचं लेकरू गमावलेल्या माणसांनी ही दारं उघडली, म्हणून मला तुम्हाला विचारता आलं. त्यांचेही पाय धरावेसे वाटतात.

तो कागद लेकीच्या फायलीत ठेवलाय. काल अंघोळीनंतर ती भोकाड पसरून रडली, चांगली दहा मिनिटं. ओठ गुलाबीच राहिले. हे तुम्हाला सांगायचं होतं.

तुमची ऋणी,
एक आई