नाना, वाट अजून चालू आहे

आदरणीय नाना,

रामराम.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सहा जण वर गेलो होतो. धारेच्या माथ्यापासून खालच्या अंजनाच्या झाडापर्यंत कुणालाही सायकलवरून एकदाही उतरावं लागलं नाही. पावसाळा उलटल्यावर ही वाट अशी सलग चालवता आली, हे पाच वर्षांत पहिल्यांदाच. खाली आल्यावर सायकली आडव्या टाकून सगळे तुमचंच नाव काढत बसलो. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं. नातवाला सांगितलंय, आजोबांना सावकाश वाचून दाखव म्हणून. आणि धुळ्या-जळगावकडच्या बाकीच्या सायकलवाल्यांच्याही कानावर जावं, म्हणून चार लोकांसमोर लिहितोय.

ज्यांनी ती वाट पाहिली नाही त्यांना थोडं सांगतो. आमच्या धुळे-नंदुरबार भागात जमिनीच्या भेगांमध्ये लाव्हा थिजून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती झाल्या आहेत. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि या भिंती पूर्व-पश्चिम टेकड्यांसारख्या उभ्या राहिल्या. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात, आम्ही आपली धार म्हणतो. लळिंगच्या पलीकडे अशाच एका धारेच्या कुशीतून तीनेक किलोमीटरची पाऊलवाट जाते. दीड फूट रुंद, मुरमाची, एका अंगाला चढ आणि दुसऱ्या अंगाला उतार. खालून डांबरी रस्ता होण्याआधी बाया याच वाटेने बाजाराला जायच्या, हे तुम्हीच सांगितलंत. रस्ता झाला आणि वाटेवरची पावलं गेली. उरल्या तुमच्या शेळ्या आणि रविवारचे आम्ही.

कमी वापराच्या वाटेचं दुखणं वेगळंच असतं. वर्दळीची वाट चाकांनी झिजते, ही वाट बुजते. मृगाच्या दोन सरी पडल्या की तरोटा वर येतो, भादव्यात गवत कमरेला लागतं, दोन्ही बाजूंनी घाणेरी हात पसरते. खालचा दगड दिसत नाही, म्हणून कुणी जात नाही. कुणी जात नाही, म्हणून आणखी बुजते. दिवाळीपर्यंत कुसळं वाळून मोज्यांतून पायात शिरतात आणि सराटे टायरमध्ये. एका रविवारी आमच्यातल्या एकाच्या दोन्ही चाकांतून मिळून अकरा सराटे काढले होते. पण गवत कापता येतं. वाट खरी मारली होती पाण्याने. मधल्या चढावर वाटेचीच घळ झाली होती, गुडघाभर खोल, तळाशी सुटे दगड. चाक त्यात गेलं की माणूस हँडलवरून पुढेच.

तुमची आमची भेट झाली तो दिवस आठवतो का? आम्ही ती घळ बुजवत होतो. घमेल्याने मुरूम आणायचा, दगड टाकायचे, वरून धुम्मस करायचं. आदल्या वर्षी याच कामात आमचे दोन रविवार गेले होते आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळा मुरूम खाली वाहून गेला होता. तरी पुन्हा तेच करत होतो. तुम्ही शेळ्या घेऊन वर आलात, काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिलात. मग विचारलंत, "काय करी राह्यनात रे भाऊ?"

आम्ही सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. आमच्या सायकलची पाण्याची बाटली मागून घेतलीत, वीसेक पावलं वर चढलात आणि वाटेवर अर्धी बाटली ओतलीत. पाणी उतारावरून खाली जाईल असं आम्हाला वाटलं होतं. ते गेलंच नाही. टायरच्या चाकोरीत शिरलं आणि वाट धरून सरळ आमच्या पायाशी, घळीच्या तोंडाशी आलं. तुम्ही वाकून वाटेच्या बाहेरच्या काठावर बोट ठेवलंत. चाकांनी आणि खुरांनी लोटलेल्या मुरमाचा तिथे चार बोटं उंच बांध झाला होता. आम्ही शंभर वेळा त्याच्यावरून गेलो असू, कधी दिसला नव्हता. "आठेच चुकनं," तुम्ही म्हणालात, म्हणजे इथेच चुकलं.

मग कुदळ मागितलीत. तो काठ चार हात लांब फोडलात, वाटेचा तळ किंचित बाहेरच्या अंगाला कलता केलात, आणि काढलेला मुरूम खालच्या बाजूला वाटेवरच तिरपा पसरून त्याचा बुटका उंचवटा केलात. उरलेली अर्धी बाटली ओतलीत. पाणी चाकोरीतून आलं, उंचवट्याला अडलं, वळलं आणि गवतात उतरलं. "पानीले वाट द्या, मंग ते तुमनी वाट सोडी."

नाना, यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. डोंगरातल्या सायकलवाटा बांधणारे लोक जगभर हेच करतात. वाट बाहेरच्या अंगाला कलती ठेवायची, ठिकठिकाणी तिला लहानसा खोलगट हेलकावा द्यायचा, आणि वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचा नाही. नाहीतर पाणी वाट ओलांडत नाही, वाटच धरतं. हे सगळं तुम्ही एका बाटलीत दाखवून मोकळे झाला होतात.

तुम्हाला हे कुठून आलं, ते चहा पिताना कळलं. तुमचे वडील पांझरा नदीकाठी फडावर, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यावर, पाटकरी होते, पाणी फिरवणारे. बंधाऱ्यात अडवलेलं पाणी पाटातून, चाऱ्यांतून, ना मोटर ना पंप, नुसत्या उताराच्या बळावर फडाफडात फिरवायचं, ही आपल्या खानदेशातली शेकडो वर्षांची रीत. ते पाणी हातभर कुठे तुंबलं, बोटभर कुठे वाढलं, हे ओळखणं तुमच्या वडिलांचं काम, आणि तुम्ही लहानपणी खांद्यावर फावडं घेऊन त्यांच्या मागे. मी याच जिल्ह्यात वाढलो. फड पद्धतीचा धडा वाचला, परीक्षेत उत्तरही लिहिलं. पण ते ज्ञान जिवंत माणसाच्या हातात असं पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा.

आमच्या डोक्यात तिथे लाकडाचे ओंडके आडवे पुरायचे होते. तुम्ही नको म्हणालात. ओल्या लाकडावरून शेळीसुद्धा घसरते. अरुंद, खोल चरही नको म्हणालात. "गडूसारखा नको, परातीसारखा कर." परातीसारखा उथळ असला की चाक आपटत नाही, पाणी रेंगाळत नाही आणि गाळ काढायला सोपं. पाणी एकाच जागी सगळं सोडायचं नाही, तिथे नवी घळ पडते, हेही तुमचंच. आज वाटेवर अशा तेवीस पराती आहेत. चढावर पंधरा-वीस पावलांवर एक, बाकी ठिकाणी विरळ. जुनी घळ आम्ही तशीच सोडून दिली आणि वाट तिच्या वरच्या अंगाने वळवली. तिच्यात आता गवत धरलंय.

घाणेरी तोडतानाही तुम्ही हात धरलात. आम्ही दोन्ही बाजूंनी वाव-वाव साफ करायला निघालो होतो. ऊन पोचलं की तीच दुप्पट जोमाने येते, म्हणालात. आता हँडल जाईल एवढंच कापतो, घाणेरी मुळासकट खणतो आणि अंजनाच्या, पळसाच्या फांदीला शक्यतो हात लावत नाही.

पण सगळ्यात मोठे उपकार वेगळे आहेत. मागच्या वर्षी वाटेच्या खालच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या पडल्या. कुणीतरी मोटारसायकली घालून तिथल्या शेतकरी दादांच्या शेताचा बांध फोडला होता, ओल्या काळ्या जमिनीत हातभर चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्यांचा राग रास्त होता. आम्ही जाऊन वाद घातला असता तर वाट कायमची गेली असती. तुम्ही आम्हाला त्यांच्या ओट्यावर घेऊन गेलात, आधी त्यांचं सगळं ऐकून घ्यायला लावलंत, मग आम्हाला फावडी घेऊन बांध घालायला पाठवलंत. तो आम्ही फोडलेला नव्हता, तरी. आता ठरलेलं आहे: पाऊस झाला की जमीन सुकेपर्यंत कुणी जायचं नाही, कापणीच्या दिवसांत खालून शिरायचं नाही, आणि आत गेल्यावर काट्या पुन्हा जागच्या जागी लावायच्या. या पावसाळ्यात त्या दादांनीच फोन करून सांगितलं, आज येऊ नका, ओल आहे.

तुमचे गुडघे आता वर चढू देत नाहीत हे माहीत आहे. शेळ्या नातू नेतो, आणि तोही त्याच वाटेने नेतो हे पाहिलं. त्यांची रोजची खुरं नसती, तर आमच्या एका रविवारच्या चाकांनी ही वाट उघडी राहिली नसती.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही परातींतला गाळ काढायला येतोय. सहाव्या आणि चौदाव्या परातीचा काठ पुन्हा भरलाय. चौदाव्यातून पाणी अजून थोडं वाटेवर येतं, कारण कळत नाही. तिथला फोटो मोठा करून आणतो, अंगणात बसून बघा आणि कुठे चुकलं ते सांगा. कळण्याची भाकरी आणि ठेचा आईने बांधून द्यायचं कबूल केलंय, तुमच्यासाठी वेगळा, कमी तिखट.

तुमचा,
निळ्या सायकलवाला